शर्मिलाबाईंचं मत

लग्नाला करार म्हणायचं आणि बायकोची संमती गृहीत धरायची, असं करणाऱ्या थोर विचारवंतांना शर्मिलाबाई तत्त्वज्ञानाच्या तासाला बिनदिक्कत नापास करत. येरवड्याच्या घरी मामला वेगळा होता. नवऱ्याला सोडल्यापासून त्या धाकट्या भावाकडे, प्रज्ञेशकडे, राहत.

रविवारी त्याच्या मुलीला, नम्रताला, बघायला पाहुणे आले. पोहे भरताना ती कुजबुजली, "आत्या, मला नाही करायचं. पप्पा माझं ऐकत नाहीत. तू बोल ना."

मुलाकडच्यांनी पसंती सांगितली. नम्रता मान खाली घालून बसली.

"लाजतेय, म्हणजे होकारच समजा," प्रज्ञेश हसला. "काय गं ताई?"

बाईंचे ओठ हलले. पण छप्पर भावाचं होतं.

"बघा, आमच्या प्रोफेसरबाईंचीसुद्धा हरकत नाही," म्हणत त्याने पेढ्यांचा बॉक्स उघडला.