हिवाळ्यातला कूलर

नांदुऱ्यात कापूस यायला लागला की आमच्या ह्यांच्या शेडचं शटर खाली येतं. हे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतात. सरकी काढायची जिनिंग जवळच, त्यामुळे हंगामात कापसाचे तंतू उडत येतात आणि ओल्या रंगावर बसतात. लालभडक ट्रॉलीला पांढऱ्या मिशा फुटलेल्या कोणत्या गिऱ्हाइकाला चालतील? म्हणून शटर बंद, खिडक्यांना पोती, आणि आत दिवसभर स्प्रेगन सुरू. रंगात थिनर, हवेत थिनर, आणि संध्याकाळी घरी येणारा माणूसही निम्मा थिनरच.

हंगामभर त्यांचं डोकं दुखायचं. चिडचिड तर विचारूच नका. पण मला खरं लागायचं ते जेवताना. पूर्वी हा माणूस फाटकातूनच सांगायचा, आज घरात काय शिजतंय ते. आता ताटात लसणाचा ठेचा वाढला तरी ह्यांना फक्त तिखट कळायचं, वास नाही. मला भीती वाटायची. आज नाक गेलं, उद्या काय जाईल?

शेडमध्ये जुना रिवाज आहे, काम संपलं की गुळाचा खडा तोंडात टाकायचा. त्याने म्हणे थिनर उतरतो.

"गूळ पोटात जाते अन् थिनर छातीत," मी एकदा म्हटलं. "त्याहीची गाठ पडते तरी कुठी?"

हे हसले आणि आणखी एक खडा तोंडात टाकला. त्यांचा दुसरा समज तर त्याहून पक्का. सकाळी वास नाकाला झोंबतो, थोड्या वेळाने येईनासा होतो, म्हणजे हवा साफ झाली!

भाऊबिजेला माझा धाकटा भाऊ आला. तो एका रसायनांच्या कारखान्यात कामगारांची सुरक्षा बघतो. ह्यांनी कौतुकाने त्याला शेड दाखवायला नेलं, मीही गेले. तो आत गेला आणि डोळे पुसतच बाहेर आला.

"दाजी, तुमाले वास नाई येऊन राह्यला?"

"सकायी येत होता. आता गेला."

"वास नाई गेला, तुमचं नाक थकलं. आठ तासाच्या कामात हवेत ही वाफ किती चालते, याची हद्द ठरलेली हाय. आमी कॉलरले यंत्र लावून मोजतो. नाकानं नाई मोजत."

"मंग काय शटर उघडू? अन् रंगावर कापूस बसू देऊ?" हे भडकले.

"आत पंखा लावा," मी म्हटलं.

"नको ताई. मोटरची ठिणगी या वाफेत पडली त शेड पेटते."

 मला राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं. घरी परत आलो तर अंगणात आमचा कूलर होता, उन्हाळा संपल्यापासून जुन्या चादरीत गुंडाळलेला.

"हा खिडकीले भायेरून लावा," मी म्हटलं. "पानी नाई टाकायचं. गवताच्या जाळ्यांवर धोतराचं कापड ताना. कापूस तिथंच अडकन. हवा आत येईन, मागच्या दारानं भायेर जाईन."

भावाने जरा विचार केला. "मोटर भायेरच राह्यते. जमते, ताई."

ऐन थंडीत कूलर घरघरायला लागला तेव्हा जिनिंगवरचे लोक मुद्दाम बघायला आले. "काऊन बे, तुले थंडीत गरमी होऊन राह्यली का?" ह्यांचा मित्र ओरडला. हे संध्याकाळी तोंड पाडून घरी आले. पण पहिली ट्रॉली वाळली आणि ह्यांनी बॅटरी घेऊन तिच्यावर मिशी शोधली, तर एकही सापडली नाही. मग चेष्टा करणाऱ्यांना हेच चहा पाजून कूलर दाखवू लागले. भावाने यंत्र आणून दिवसभर त्यांच्या कॉलरला लावलं, आकडा हद्दीच्या आत आला. वाफ शोषणारी डबी असलेला मास्कही दिला. तो हे कुरकुरत का होईना, लावतात.

सगळे खूश झाले. डोकंही दुखेनासं झालं. पण ताटातला ठेचा अजून नुसता तिखटच होता, आणि आकडा बघून माझं मन भरत नव्हतं.

मग एका संध्याकाळी मी अंगणात शेजारणीशी बोलत उभी होते. हे फाटकातून आत आले आणि थबकले.

"अवं, वांगे करपून राह्यले!"

स्वयंपाकघर पार मागच्या बाजूला. मला काहीच वास आला नव्हता. मी गॅसकडे धावायला हवं होतं, पण मी ह्यांच्याकडेच वळले.

"काय म्हटलं?"

"वांगे करपून राह्यले म्हन्तो ना!" हे वैतागले.

"अजून एकदा म्हना," मी म्हटलं. त्या रात्री आम्ही करपलेली वांगी खाल्ली.