कीवित आणि वेंगुर्ल्याची वखार

तारीख सतरा जानेवारी, शनिवार. पैज शंभर दिरहमची, म्हणजे सुमारे चोवीसशे रुपयांची. हजर तिघं: मी, माझी सातवीतली मुलगी आणि शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ, जे स्वतःला भाषेचे अभ्यासक म्हणवतात. जागा दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्सच्या तळ्याकाठचा बाक.

मुलीला सोमवारी वर्गापुढे एका परक्या शब्दाचं मूळ सांगायचं होतं. खालच्या मजल्यावरच्या डच बाईंनी तिला हिरवळीवरची टिटवी दाखवून सांगितलं होतं, हिच्या आमच्याकडच्या बहिणीला ‘कीवित’ म्हणतात. मुलीने तोच शब्द धरला. मूळ शेजाऱ्यांनी पुरवलं.

“वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. हा पक्षी ओरडला की आपल्या लोकांना कीव यायची. कीव येते, त्याचं झालं कीवित. गेला शब्द गलबतातून हॉलंडला.”

गृहस्थ मूळचे वेंगुर्ल्याचे. याआधी बिस्कीट आणि ब्रेक हेही शब्द त्यांनी तिथूनच जगाला दिलेले आहेत.

मुलीने सगळं उतरवून घेतलं होतं. सोमवारी हसं तिचं होणार होतं, त्यांचं नाही.

“पुरावा काय?” मी विचारलं.

“इन्ट्युशन लागतं, साहेब. तुम्हा अकाउंट्सवाल्यांकडे ते कुठून असणार?”

“मग त्यावर शंभर दिरहम लावा.”

“लावले.”

तेवढ्यात डच बाईच फेरी मारत आल्या. मुलीने त्यांना गाठून विचारलं. बाईंनी मान वर केली आणि भर वाटेत ओरडल्या, “की-वित, की-वित.” हिरवळीवरची टिटवी चवताळून उडाली. मग म्हणाल्या, पक्षी स्वतःच नाव सांगतो, आम्ही फक्त लिहून घेतलं. तुमच्यात काय म्हणतात?

“टिटवी,” मुलगी म्हणाली आणि थबकली. “टिव-टिव-टिटिव. ओह. सेम थिंग.” तिने वहीतल्या वखारीवर काट मारली.

“म्हणजे आवाजच ना,” शेजारी म्हणाले. “मी वेगळं काय म्हणत होतो?”

“काका, यू सेड वेंगुर्ला.”

“बेटा, टिटव्या वेंगुर्ल्यालाही आहेत.”

सोमवारी मुलगी वर्गात दोन्ही पक्ष्यांची नक्कल करून आली. वर्ग हसला, पण तिला हवं होतं तिथेच.

शंभर दिरहम “इन्शाल्ला, पहिल्या तारखेला” मिळायचे होते. पहिल्या तारखा येऊन गेल्या. प्रत्यक्षात दिले गेले ते आठ दिरहम, त्याच शनिवारी, चार कडक चहांचे, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला. ते मी दिले. मुलगी चहा पीत नाही. बाईंनी आणि मी एकेक घेतला, शेजाऱ्यांनी दोन.