बत्तीशीने गाडीला मागची सळी बसवली

त्याला सगळे बत्तीशी म्हणायचे, कारण तो कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचा सगळा पसारा: प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाचे तुकडे, कानशी, पॉलिशची छोटी मोटर, आणि खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवलेले लोकांचे दात. स्वतःचे दात मात्र अस्सल, आणि ते दाखवायची हौस एवढी की हा माणूस झोपेतही हसतो अशी बायकोची तक्रार होती. स्वभाव उतावळा. डोक्यात एकदा काही शिरलं की ते पुरं होईपर्यंत घरात कुणाला सुखाने चहा प्यायची सोय नाही.

त्या दिवसांत डोक्यात शिरली होती नात. एकुलत्या एका लेकीला मुलगी झाली होती. लेक राहायची डोंगरावर, जावई तिथल्या हवामान केंद्रात कामाला. वर जायला एकच रस्ता, घाटाचा, आणि नुसता वळणावळणांचा. इकडे बत्तीशीच्या बायकोला गाडी लागायची. आता गाडी बऱ्याच जणांना लागते, पण हिला गाडी सुरू व्हायच्या आधी लागायची! दार उघडलं की तोंड उतरायचं, पहिल्या वळणाला बोलणं बंद, दुसऱ्याला लिंबू नाकाशी, आणि तिसऱ्याला, "अहो, थांबवा." नात झाल्याचं कळलं तेव्हा ती हट्टाने निघाली होती; पण अर्धा घाट चढायच्या आतच अशी गळून गेली की बत्तीशीने मुकाट्याने गाडी वळवली. तेव्हापासून आजीबाई नातीला फोनमध्येच बघायच्या. बघून झालं की स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटायच्या.

ती भांडी बत्तीशीच्या काळजावर आपटायची.

"दोष तुझ्या पोटाचा नाही," एका सकाळी त्याने जाहीर केलं. "दोष गाडीचा आहे. वळणावर ती कलते. तू एकीकडे, पोट दुसरीकडे. ते बिचारं काय करणार?"

"मग गाडीला औषध द्या."

"देणारच आहे. सळी!"

ही सळी म्हणजे अँटी-रोल बार. गाडीच्या पोटाखाली आडवी असते, दोन्ही टोकं दोन चाकांकडे जोडलेली. वळणावर गाडीची एक बाजू दबायला लागली की सळी पिळली जाते आणि त्या बाजूला दटावते, थांब, एकटीच कुठे निघालीस? मग गाडी फार कलत नाही. बत्तीशीच्या गाडीला पुढे अशी सळी होती, मागे नव्हती. त्याच गाडीच्या महागड्या भावंडाला मात्र दोन्हीकडे! ही बातमी त्याला भंगारवाल्याने दिली. तसलं एक भावंड त्याच्या आवारात उलटं होऊन पडलेलंच होतं.

बत्तीशीने सळी घरी आणली ती छातीशी धरून. आणली ती थेट न्हाणीघरात. घासली, पुसली, गंज काढला, आणि मग कवळ्यांच्या मोटरवर तिला अशी चमकवली की तिच्यात तोंड बघावं.

"गाडीच्या खाली कोण बघणार आहे?" बायकोने विचारलं.

"मी बघणार आहे."

"धन्य आहे! त्या टॉवेलला आता हात पुसू नका म्हणजे झालं."

मग गाडीचं बूड लोखंडी घोड्यांवर चढलं, चाकं हवेत लोंबकळली आणि बत्तीशी चटई घालून खाली सरकला. जबड्याची मापं घ्यायच्या पट्टीने त्याने सगळी मापं घेतली. सळी मधल्या पट्ट्यांत बसवली, रबरी बुश घातले, टोकांच्या दुव्यांना जोडली, आणि एकेक नट असा आवळला की पान्याने हाय खाल्ली. सुरेख काम! बाहेर येऊन त्याने सगळी बत्तीशी दाखवली, गाडी खाली उतरवली आणि गल्लीत एक चक्कर मारायला निघाला.

अहो, कसली चक्कर! पहिल्याच खड्ड्याला गाडीच्या पोटातून असा काही कर्रर्र आवाज आला की समोरून येणारा कुत्रा आल्या पावली परत गेला. मागची बाजू खाली बसायला तयार नाही. बूड उंचावून चाललेली गाडी बघायला शेजारपाजारचे दारात आले. बत्तीशी घामाघूम होऊन परतला तेव्हा बायको पायरीवर बसून पोट धरधरून हसत होती.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "तोंड उघडं ठेवूनच कवळी बसवलीत की काय?"

ती बोलली थट्टेत, पण बत्तीशी जागच्या जागी थिजला. त्याच्या धंद्यातला पहिला धडा हा! आ केलेल्या तोंडात कुठलीही कवळी झकास बसते. खरी परीक्षा तोंड मिटल्यावर, चावताना. रोज येणाऱ्याजाणाऱ्याला तो हेच सांगायचा, "मिटा, चावा, आता बोला." आणि गाडीची चाकं हवेत लोंबकळत असताना, म्हणजे तिने चांगला आ वासलेला असताना, या शहाण्याने सगळे नट आवळून टाकले होते. चाकांवर वजन आलं तेव्हा आवळलेली रबरं पिळवटली आणि ओरडायला लागली. बत्तीशीने कपाळावर असा हात मारला की शेजाऱ्यांनाही ऐकू गेला.

मग उलटा कार्यक्रम. सगळे नट सैल केले. चारही चाकं जाड फळ्यांवर चढवली, म्हणजे गाडी आपल्या पायांवर उभी आणि खाली माणूस शिरेल एवढी जागा. बायकोला मागच्या सीटवर बसवलं, दोन्ही बाजूंना प्लास्टरची एकेक गोणी.

"मी इथे बसून काय करू?"

"काही नको. वजन दे."

"ते मला छान जमतं," ती म्हणाली आणि वरून गाणं म्हणायला लागली. खालून हा नट आवळत सूर धरायला लागला. भर दुपारी, उभ्या गाडीत, गोण्यांच्या मधोमध बसून गाणारी ती बाई आणि तिच्या खालून येणारा पुरुषाचा आवाज! बघणाऱ्यांनी काय समजायचं ते समजोत. शेवटी त्याने चावा तपासायचा, टेकेल तिथे डाग सोडणारा निळा कागद सळी आणि सायलेन्सरच्या मध्ये चिकटवला आणि गल्ली पिंजून आला. कागद काढला, सळी बघितली. निळा डाग कुठेही नाही!

"चावा बरोब्बर!" तो ओरडला, आणि चक्क नाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. पिशवीत बाळाचे विणलेले मोजे, बायकोच्या मुठीत लिंबू. घाट लागला. पहिलं वळण: गाडी सपाट. दुसरं: सपाट. तिसऱ्याला बत्तीशीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं तर बायको चक्क बोलत होती, नातीचं नाक कुणासारखं यावर! जिथून मागच्या खेपेला परतीचा रस्ता धरला होता ते वळणही मागे पडलं. आता हा कसला थांबतोय? "बघितलंस? कलली का? सांग ना, कलली का?" करत त्याने गाडी अशी काही पळवली की मोजे पिशवीतून बाहेर आले.

आणि मग नाकाबद्दलचं बोलणं थांबलं. लिंबू नाकाशी गेलं.

"अहो, थांबवा."

बत्तीशीने गाडी कडेला घेतली. दोघं कठड्यावर बसली. तिचा चेहरा पांढराफटक. त्याला रडू यायच्या बेतात होतं. एवढी सळी, एवढा खटाटोप, सगळं मुसळ केरात. "परत जायचं का गं?" त्याने अगदी हळू विचारलं.

तिने वर बघितलं. डोंगरमाथ्यावर हवामान केंद्राचा घुमट दिसत होता. "परत? आता मेले तरी नाही." ती उठली, पदर खोचला. "चावी द्या. मी चालवते. पुढचं वळण कधी येतंय ते माझ्या पोटाला निदान आधी कळेल तरी."

तिला गाडी येत होती. तिचे वडील पाण्याचा टँकर चालवायचे, आणि लग्नाआधी तो टँकर हिने कितीदा भरून आणला होता. पण लग्नानंतर गाडी म्हणजे त्याची, आणि बाजूला बसून हिची ही गत, तर चालवायला बसली तर काय होईल, या समजुतीने इतक्या वर्षांत दोघांनीही तो विषय काढला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच!

ती बसली, आरसा नीट केला, आणि निघाली. पहिल्या वळणाआधीच गिअर खाली, मग स्टिअरिंग एका दमात, मग पुन्हा जोर. "अगं बाई!" ती ओरडली. "ही तर हलतसुद्धा नाही!" पुढच्या वळणाला ती हसायला लागली, त्याच्या पुढच्याला गाडीशी बोलायला, "चल माझी राणी, चल!" गालांवर रंग चढला, अंबाडा सुटला, आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला ती कुठल्यातरी जुन्या टँकरवाल्या आरोळ्या देत सुटली. बत्तीशी बघतच राहिला. ही बाई एवढी वर्षं डोळे मिटून, तोंडाशी पिशवी धरून त्याच्या बाजूला बसत होती! त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या दसपट आनंद झाला.

मग त्याला आणखीही काहीतरी झालं. या सीटवर तो जन्मात कधी बसला नव्हता. इकडून कडा अंगावर येई, तिकडून दरी, आणि पोटाला कशाचीच आगाऊ वर्दी नाही. त्याने मुकाट्याने लिंबू उचललं.

लेकीने सगळी तयारी ठेवली होती: खाट, बादली, ओला रुमाल. "आई, ये, आधी आडवी हो—"

"मी नाही गं. बाबांना बघ," म्हणत आई तिच्या बाजूने सरळ आत पाळण्याकडे गेली.

बत्तीशी खाटेवर आडवा झाला. डोळे मिटले तरी खोली फिरतच होती. पलीकडे पाळणा करकरला. मग बायकोचा हुंदका आला, मग हसू, आणि मग सगळा घाट. एकही वळण न गाळता ती नातीला तो सांगत होती. ऐकता ऐकता बत्तीशीचे मिटलेले डोळे भरून वाहायला लागले.

ती आत आली, नातीला घेऊन खाटेवर टेकली. "उघडा डोळे. बघा तरी."

त्याने उघडले. डोळ्यांत पाणी, डोकं गरगरतंय.

"दोन दिसतायत," तो म्हणाला. "दोन्ही छान आहेत."

"मग धरा दोघींना," ती म्हणाली, आणि नातीला तिने त्याच्या कुशीत ठेवलं.