खिशातला गूळ

बसण्याआधी काकाजी सदऱ्याचा खिसा चाचपत. त्यात कागदात बांधलेला गुळाचा खडा असे. तो हाताला लागला की म्हणत, "हौ, आहे." मगच चहा, तोही बिनसाखरेचा.

बालाघाटला आमच्या वॉर्डात ते शेजारी. भातगिरणीत इंजिन चालवत. त्यांना साखरेची बिमारी होती. रोज सकाळी इंजेक्शन घेत. सारा वॉर्ड त्यांच्या तोंडावर पहारा ठेवी. बुद्धपौर्णिमेला खिरीचं पातेलं त्यांना ओलांडून पुढे जाई. आणि खिशात गूळ! बायका हसत, "चोरून खाते म्हातारा."

मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, म्हणून मला समजावत. "साखर वाढली तं तहान लागते, घडीघडी लघवीले जा लागते. ते हळूहळू खाते माणसाले. पण इंजेक्शन घेतलं अन् जेवण चुकलं, तं साखर उतरते. घाम फुटते, हात कापते, माणूस बरळते. तवा गूळच पाह्यजे. तवा इचारत बसू नोको." मी मान डोलवायचो. खरं सांगतो, मलाही ते पुरतं पटलं नव्हतं.

एकदा गिरणीत जेवणाची सुट्टी लांबली. काकाजी घामाघूम झाले, जीभ अडखळू लागली. त्यांनी गूळ काढला, तर सोबत्याने काळजीपोटी तो हिसकावून घेतला. मॅनेजरने पाहिलं आणि ठरवलं, हा पिऊन आलाय. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून ज्याने थेंबाला हात लावला नाही, त्याला! घरी आणून टाकलं. काकीने गूळपाणी पाजलं, तेव्हा कुठे उठून बसले. काम गेलं ते गेलंच.

काकाजी कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. मला म्हणाले, "बापू, अर्ज लिही. मी पेलो नोहतो, एवढंच लिही."

साखर कमी झाली होती, असं मी लिहिलं. मॅनेजरने अर्ज परत सरकवला. "शक्कर की बीमारी में शक्कर कम कैसे होगी?"

सगळं ठाऊक असून मी अर्ज उचलला आणि परत फिरलो. त्याच्यापेक्षा मला माझाच राग जास्त येतो.

पुढच्या उन्हाळ्यात काकाजी भरदुपारी लामत्याच्या रस्त्यावर पडले. सायकलवाले बघत निघून गेले. पिऊन पडलाय म्हणे. तुम्ही-आम्हीही असेच जातो ना? कुणी वाकून तोंडाचा वास तरी घ्यायचा होता.

संध्याकाळी घरी आणलं, तेव्हा जीव नव्हता. काकीने सदरा खुंटीला टांगला. दुसऱ्या दिवशी खिशाकडे मुंग्यांची रांग लागली होती. आत गूळ होता. कागदाची गाठही सुटली नव्हती.