पावसला गेलेली बॅग आणि रत्नागिरीतली खाट

साताऱ्याहून पहाटे निघालेल्या एसटीतून मी रत्नागिरीला उतरलो, तो रिकाम्या हातांनीच. बॅग वरच्या फळीवर राहिली हे लक्षात येईपर्यंत गाडी पुढे पावसला निघून गेली होती. चौकशीच्या खिडकीतले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "दुपारी तीच गाडी परत येते. तोवर रत्नागिरी बघून घ्या."

म्हणून मिरकरवाड्याला गेलो. बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. एक भलीमोठी सुरमई नीट दिसावी म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो आणि बर्फाच्या पाण्यात उताणा पडलो. खिशातला फोन भिजून तिथेच बंद पडला. टोपलीमागची बाई म्हणाली, "काका, मासळी घ्यायची तर उभ्यानं घ्या."

स्टँडवर परतून बाकावर बसलो, तसे शेजारचे दोघे उठून गेले. तिसरा बसून राहिला. पांढरी दाढी, एक पाय ताठ, बाजूला वळकटी. त्याने खांद्यावरचा पंचा मला दिला. "पुसा. वास जायाचा नाय, पन मना सवय हाय."

त्याचं नाव दत्ताराम. तरुणपणापासून ट्रॉलरवर खलाशी. जेवण, झोप, सगळं बोटीवरच. दोरात अडकून पाय मोडला, तांडेलाने (बोटीच्या म्होरक्याने) दुसरा माणूस घेतला, आणि काम गेलं त्याच दिवशी राहायची जागाही गेली. गावी भाऊ होता. आई होती तोवर तिथे पडवी मिळाली, पुढे तीही नाही. कागदपत्रांचा पावसात लगदा झाला, त्यामुळे रेशन नाही, म्हातारपणाची पेन्शन नाही. हे सगळं त्याने गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं.

इतक्यात शहरातल्या बेघर निवाऱ्यात काम करणारी वैशाली नावाची मुलगी आली. ती दत्तारामला रोज चला म्हणायची आणि तो रोज नाही म्हणायचा. आज तिची नजर माझ्यावर पडली.

"काका, घर कुठे तुमचं?"

"साताऱ्याला."

"आधार कार्ड?"

"बॅगेत."

"बॅग कुठाय?"

"पावसला गेली."

"घरी फोन लावू?"

"नंबर पाठ नाही."

"बायकोचासुद्धा?"

मी चाळीस वर्षं गणित शिकवलं होतं, पण हे दहा आकडे खरंच आठवेनात. दत्ताराम तिला हळूच म्हणाला, "नवीन हाय. लाज वाटते त्येला."

मी खुलासा करायला गेलो. ती म्हणाली, "आधी आंघोळ करा, जेवा. मग बोलू." आंघोळ हा शब्द ऐकल्यावर माझा सत्याचा आग्रह ढिला पडला.

"मीबी येतंय," दत्ताराम काठी घेऊन उठला. "नवा मानूस, एकला कसा जाईल?"

तो खरंच येतोय ना, हे वैशाली वाटेत सारखी वळून बघत होती.

निवारा म्हणजे एक लांब खोली, ओळीने खाटा आणि आमटीचा वास. दत्तारामने माझ्या वतीने उलटतपासणी सुरू केली.

"ह्येला कोंडून ठेवनार काय?"

"नाही. दिवसभर कुठेही जा."

"ह्याच्याकडं कागूद नाय."

"राहायला कागद लागत नाही. आधार आम्ही काढून देतो, इथल्या पत्त्यावर. मग रेशन, पेन्शनचा अर्ज."

"आनि पाय मोडका असला तर?"

माझे दोन्ही पाय धडधाकट होते. वैशालीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "सरकारी दवाखान्यात आम्ही घेऊन जातो," ती त्यालाच म्हणाली.

आंघोळ करून, निवाऱ्यातला सदरा घालून, पोटभर आमटीभात खाऊन मी सगळं सांगितलं. तिने स्टँडवर फोन लावला. बॅग आली होती, त्यातल्या आधार कार्डावर माझंच नाव होतं. वैशाली हसू लागली. दत्ताराम हसला नाही.

"घर हाय तुमाला?"

"आहे."

"मंग खाट कशाला अडवलाव?"

मी माफी मागितली. रजिस्टरात खाटेपुढे माझं नाव लिहिलेलं होतं. वैशालीने ते खोडलं. दत्तारामने त्या ओळीखाली बोट ठेवलं. मग म्हणाला, "खाली माजं नाव लिवा. आजच्यापुरतं."

थिबा राजवाडा बघायचा राहिला, भाट्याचा समुद्र राहिला. बॅग घेऊन संध्याकाळच्या गाडीने साताऱ्याला परतलो. वाटेत एकच विचार डोक्यात होता. बॅग आणि फोन एवढंच गेलं, तर माझं प्रत्येक खरं उत्तर थाप वाटू लागलं. माझी सुटका काही तासांत झाली, कारण पावसहून गाडी परत येते. दत्तारामचं जे गेलं ते परत आणणारी गाडी कुठल्याच वेळापत्रकात नव्हती.

काही आठवड्यांनी वैशालीच्या फोनवरून तो बोलला. पाय अजून दुखतो, सकाळी बंदरावर जाळी शिवायला जातो, शेजारच्या खाटेवरचा माणूस भयंकर घोरतो.

"आनि मास्तर, आधार आलं. पत्ता लिवून घेवा."

निवाऱ्याचा पत्ता माझ्याकडे आधीच होता. तरी कागद घेतला. त्याने एकेक शब्द सावकाश वाचला, पिनकोड दोनदा.

"आता वाचून दाखवा."

मी वाचून दाखवला.

"बरोबर हाय," दत्ताराम म्हणाला.