साडेनऊ बोटांचा आशीर्वाद

नारीन नदीच्या डोंगराळ खोऱ्यात मेंढ्यांची लोकर कातरून झाली, की गावाबाहेरच्या पिंजणीच्या कारखान्यात पोती येऊ लागतात. ओल्या लोकरीचा तो उग्र, मेणचट वास बुरुलचाच्या अंगात बावीस वर्षं मुरला होता. आधी ती लोकर निवडायची. मग तिचं अक्षर वळणदार म्हणून मालकाने सुरक्षेची वही तिच्याकडे दिली. दर सोमवारी रशियन भाषेतले चौदा नियम वाचून दाखवायचे आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, एवढंच काम.

ती वाचायची, बाया चहा फुंकत बसायच्या.

"एजे, सही कुठे करू तेवढं दाखव. नियम तुझे तूच पाळ, मोठी बहीण ना तू!"

सगळ्या हसायच्या. बुरुलचाही हसायची. माणसं चांगली होती आणि सह्या पूर्ण होत्या.

मग वसंतात एके दिवशी गुलसुनची बाही पिंजणयंत्राच्या दातेरी रुळात गेली. कापड टरकन फाटलं म्हणून हात वाचला. दोन लेकरांची आई ती, भिंतीला टेकून फाटकी बाही धरून उभी होती.

"यंत्र चालू असताना हात घातलास कशाला?" बुरुलचाने विचारलं.

"साबिरआके अडकलेला गोळा तसाच काढतात ना, एजे."

साबिरआके सहासष्ट वर्षांचे, अख्ख्या कारखान्याचे आके, म्हणजे थोरले दादा. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा सैल आहे ते सांगायचे. लोकरीचा गोळा अडकला की खटका बंद न करता चिमटीने ओढून काढायचे, आणि बाया कौतुकाने बघायच्या. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. कशी गेली ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "साडेनऊ पुरतात माणसाला."

त्यांना सांगणार कोण? आमच्याकडे थोराची चूक चारचौघांत दाखवणं म्हणजे त्याच्या डोक्यावरची टोपी चिखलात पाडणं. बुरुलचाच्या लग्नात हात वर करून आशीर्वाद दिला होता तो याच माणसाने. तिने अख्खा उन्हाळा विचार केला. गायीची धार काढताना केला, भाकरी थापताना केला. शरदातला पिंजणीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दुपारी तिने तळलेल्या पिठाच्या बोरसोकांची पुरचुंडी बांधली आणि आकेंचं दार वाजवलं.

"आके, या हंगामात रोज काम सुरू व्हायच्या आधी आम्हाला बाता द्याल?"

"आशीर्वाद? मी काय मौलवी आहे?"

"कारखान्यात सगळ्यांत थोर तुम्हीच."

"म्हातारा म्हण, म्हातारा. आणि बातेत म्हणू काय? लोकर मऊ निघो?"

"ते म्हणाच. आणि आमच्या हातांसाठी तुमच्या मनात जे येईल ते."

आकेंनी डावा हात हळूच मांडीखाली घेतला. मग एक बोरसोक तोंडात टाकला. "तू फार शहाणी झालीस," एवढंच म्हणाले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते यंत्रापुढे उभे राहिले आणि दोन्ही तळवे वर केले. सगळ्यांनी केले. तळवे वर झाले तशा सैल बाह्या कोपरापर्यंत घसरल्या, बोटांतल्या अंगठ्या चमकल्या. बुरुलचा रांगेतून फिरत कुणाची अंगठी काढून घेत होती, कुणाची बाही बांधत होती.

"लोकर मऊ निघो," आके म्हणाले आणि त्यांनी आपल्या अर्ध्या करंगळीकडे पाहिलं. "एकोणीस वर्षांचा होतो मी. मुकादम जेवायला गेला होता. खटका बंद करायचा, परत चालू करायचा, एवढा वेळ कोण घालवणार असं वाटलं. हे बोट त्या वेळाची किंमत. ज्या हातांनी आलात, त्याच हातांनी घरी जा. आमीन."

सगळ्यांनी तोंडावरून तळवे फिरवले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. चहा पेल्यातच निवला.

पण पन्नास वर्षांची सवय एका बातेने सुटते थोडीच! अकराव्या दिवशी ओलसर लोकर आली आणि रुळात गोळा अडकून यंत्र घरघरलं. बोलता बोलता आके वाकले, उजवा हात रुळाकडे गेला. बुरुलचा पार पलीकडे होती. ओरडली असती तरी त्या खडखडाटात ऐकू गेलं नसतं.

आकेंच्या समोर गुलसुन होती. थोर माणसाला "हात काढा" कसं म्हणणार? तिने दोन्ही तळवे वर केले, रोज सकाळी करत तसे. शेजारणीने पाहिलं, तिनेही केले. मग साऱ्या रांगेने.

आशीर्वादासाठी पुढे आलेले तळवे थोराने रिकामे परत पाठवायचे नसतात. आकेंची नजर वर गेली. त्यांचे हात आपोआप यंत्रापासून निघाले आणि हवेत उभे राहिले. क्षणभर ते तसेच, गोंधळलेले. मग मिशीतून हसू फुटलं.

"म्हाताऱ्याला पकडलंत गं, पोरींनो!"

त्यांनी खटका खाली ओढला. रूळ कुरकुरत थांबला. लाकडी काठीने गोळा काढून त्यांनी तो सगळ्यांना दाखवला, मेलेला उंदीर दाखवावा तसा.

"आता हात वर केलेच आहेत," आके म्हणाले, "तर द्यावंच लागेल. तुमच्यासारख्या लेकी सगळ्यांना मिळोत. आमीन."

बुरुलचा पोत्यावर बसली. ती हसत होती.

पहिला बर्फ पडला, तसं शेवटचं पोतं पिंजून झालं. वहीत दर सोमवारच्या सह्या होत्याच. तरी त्या संध्याकाळी सगळे घरी निघाले, तेव्हा बुरुलचा फाटकापाशी उभी राहिली आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन निरोप देत गेली. सगळी बोटं जागच्या जागी होती, आकेंची साडेनऊ धरून.