वायर काढलेली बेल

या ग्रुपवरचे न उलगडलेले अनुभव मी वाचतो, आणि बहुतेकांवर मनातल्या मनात रिजेक्टचा शिक्का मारून पुढे जातो. सवयच तशी आहे. चेन्नईजवळ, श्रीपेरुंबुदूरच्या एका कार प्लांटमध्ये मी वायरिंगची क्वालिटी बघतो. करंट कुठून आला आणि कुठे गेला हे सांगता आलं नाही, तर मला पगार कशाचा देतील? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आबा जालन्याकडचे गवंडी, आई त्यांच्या हाताखाली माल कालवायची. डिग्रीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले...

पोंगलची सुट्टी होती. आमची मुलगी तीन महिन्यांची. आई-आबा चेन्नईत वेस्ट मांबलमला आमच्याकडे आले होते. मरीना बीचवरची गर्दी बघून आबा म्हणाले, "ही तर जत्रा झाली, समुद्र कुठंय?" म्हणून मी पाँडिचेरीला जायला एक मोटरहोम भाड्याने घेतली. मागे पलंग, बेसिन, टॉयलेट, म्हणजे बाळाचं सगळं गाडीतच. पुढच्या केबिनमध्ये ड्रायव्हर मुरुगन अण्णा, आबा आणि मी. मागे आई, माझी बायको सारिका आणि बाळ. मधल्या पार्टिशनला काच होती, पण सारिका बाळाला पाजायची म्हणून तिथे पडदा ओढलेला. मागून आम्हाला बोलवायचं तर दाराशी, डोक्याच्या उंचीवर, एक बटण. ते दाबलं की पुढे बझर वाजायचा.

ईसीआरला, म्हणजे किनाऱ्याच्या हायवेला, लागेपर्यंत आईने तो नऊ वेळा वाजवला.

पहिल्यांदा गाडी थांबवून मी धावत मागे गेलो, तर म्हणाली, "समुद्र डाव्या अंगाला दिसंल का उजव्या? तेवढं सांग, म्हंजे तिकडं बसते." दुसऱ्यांदा बेसिनचा नळ तिच्या हातात आला होता. आई डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, आणि सारिका पलंगावर पोट धरून हसत होती. तिसऱ्यांदा, "काही नाही, वाजायली का बघितलं."

पुढे आबा म्हणाले, "चाळीस वर्षं घसा फोडून हाका मारल्या मला. आता मशीन गावलंय तिला."

हसून झालं, मग मात्र मला वैताग आला. चहाला थांबलो, आबा टपरीवर गेले, तेव्हा मी डॅशबोर्डखाली हात घालून बझरची वायर उपसली आणि टोकाला टेप गुंडाळला. मुरुगन अण्णा हसला. "पाट्टी पावम, सार." आजी बिचारी, म्हणाला. नंतर लावू म्हटलं. ना आबांना, ना मागे, कोणालाच सांगितलं नाही.

महाबलीपुरम झालं, जेवणं झाली. मग बाळाची अंघोळ. आमच्याकडे अंघोळीनंतर बाळाला आणि बाळंतिणीला धुरी-शेक देतात, निखाऱ्यांवर ओवा टाकून. आईने शेगडी आणि कोळसे पिशवीत घालून आणलेच होते.

सारिका म्हणाली, "आई, आजचा दिवस राहू द्या ना. डॉक्टरही नको म्हणालेत."

"डॉक्टर महिन्यातून एकदा बघतो. मी रोज बघते." मग माझ्याकडे वळून, "तुला ह्याच शेकावर वाढवलं, इंजिनियरसाहेब. कुठं कमी पडलास?"

आईने शेगडी बाहेर वाळूत पेटवली, धूर जाऊन कोळसे लाल होईपर्यंत थांबली आणि मग आत नेली. धूर तर नाही ना, म्हणून मी गप्प बसलो. वर, बाळाला वारं लागेल म्हणून छतावरची झडप मीच लावली. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, हे प्लांटच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये मी परीक्षा देऊन पास झालेलो...

तिथून निघून मरक्काणमच्या मिठागरांजवळ पोचलो होतो. दुपारचं लख्ख ऊन. आणि बझर वाजला.

आबा म्हणाले, "बघ रं, तुझी माय बोलवायली."

मुरुगन अण्णाने माझ्याकडे बघितलं. "सार, वायर एडुत्तुट्टींगळे?" वायर काढलीत ना तुम्ही?

"कुठेतरी शॉर्ट होत असेल," मी म्हणालो. "चला."

आवाज थांबला. एखादा किलोमीटर गेलो असू, तो पुन्हा. या वेळी कोणी बोट दाबून धरावं तसा सलग. मी खाली वाकून हात घातला. टेप गुंडाळलेलं टोक मोकळं लोंबत होतं. माझ्या हातात होतं ते, आणि बझर वाजतच होता.

"थांबव गाडी," आबा म्हणाले. मी तरी "एक मिनिट, बघतो ना" म्हणत होतो. मुरुगन अण्णाने माझं ऐकलं नाही, ब्रेक मारला. गाडी थांबली तसा बझरही थांबला.

मागचं दार आतून बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. मुरुगन अण्णाच्या चावीने उघडलं. आई बाकावर एका कुशीला कलंडलेली. सारिका पलंगावर, आणि तिच्या दंडावर बाळ... मान सैल. दोघींपैकी कोणीही बटणापासून चार पावलांच्या आत नव्हती.

बाळाला घेऊन मी बाहेर पळालो. मुरुगन अण्णाने एकेक करून दोघींना ओढून काढलं. आबांनी शेगडी उचलून मिठागरात फेकली, हात भाजल्याचं त्यांना रात्री कळलं. मी बाळाचे तळवे चोळत होतो, तोंडावर फुंकर घालत होतो, आणि ती रडत नव्हती. किती वेळ ते माहीत नाही. मग ती रडली. मी मातीत बसलो.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं.

त्यानंतर त्या गाडीची वायरिंग मी पूर्ण उघडून बघितली. बझरला दुसरीकडून करंट यायला वाटच नाही. आबांनी ऐकला, मुरुगन अण्णाने ऐकला, म्हणून भास म्हणता येत नाही.

घरी आईला वाटतं, बेल सारिकाने दाबली. "तशा अवस्थेत उठली पोरगी, आणि मोठेपणा घेत नाही," असं ती शेजाऱ्यांना सांगते. सारिकाला खात्री आहे की आईच उठल्या होत्या, त्यांना आठवत नाही इतकंच. पूर्वी दोघींचं दिवसातून दोनदा वाजायचं. आता सारिका आधी आईंना वाढते, मग स्वतः बसते.

दोघींनीही मला विचारून झालंय, तुला काय वाटतं, कोणी दाबली असेल? मी म्हणतो, मी पुढे होतो, मला कसं दिसणार? मुरुगन अण्णालाही गप्प राहायला सांगितलंय. कारण कोणी दाबली याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. आणि त्या तिघी आत असताना त्यांची बेल तोडून पुढे कोण बसलं होतं, ते मला माहीत आहे.